उरल्यासुरल्याचा धनी

"माझी," म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून धाकटीचा, खात्यातल्या सगळ्यात नव्या अभियंता मुलीचा, आवाज आला, "माझी."

छापखान्याच्या गल्लीतली नळी फुटण्याची जोखीम वाचून झालेल्या चीफनी मान वर केली नाही. पेन्सिलीनं एक खूण केली आणि पुढचं वाचायला घेतलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. ते लोकांना दिसू नये म्हणून त्यानं कप उचलून ओठांना लावला. कप रिकामा होता. रिकाम्या कपातून त्यानं एक घोट घेतला, गिळला आणि कप खाली ठेवला. शेजारी बसलेल्या मुकादमानं हे पाहिलं असणार, कारण तो एकदम खिडकीबाहेर बघायला लागला, आणि खिडकीबाहेर पंपघराच्या भिंतीशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. चीफनी पुढची जोखीम वाचली: वरच्या टाकीतलं पाणी वेळेआधी संपणं. हीपण त्याचीच. या वेळी त्यानं तोंड उघडायची घाई केली नाही ते बरं झालं, कारण मुकादमच भिंतीकडे बघत म्हणाला, "माझी." तिसरी चीफनी स्वतःच वाचली आणि स्वतःच घेतली. बाकीच्या ज्याच्या त्याच्याकडे होत्या त्या ज्यानं त्यानं घेतल्या आणि बैठक संपली. खुर्च्या सरकल्या. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि कुणीच पाहिलं नाही यावरून त्याच्या लक्षात आलं, की हे आधी ठरलेलं होतं. मागे एकदा तो लवकर घरी गेला तेव्हा ठरलं असणार. घोळक्यानं, हळू आवाजात, त्याच्यावरच्या मायेनं.

रविवारी शहराचं पाणी जुन्या पंपघरावरून नव्या पंपघरावर घ्यायचं होतं. भर दुपारी, कारण सुटीच्या दिवशी जेवणं होऊन भांडी घासली गेली, की शहर आडवं होतं आणि नळ बंद असतात. शिवाय गळती व्हायचीच असली तर ती उजेडात दिसते. वर्षानुवर्षं चाललेल्या कामाचा हा शेवटचा तुकडा होता. अशा कामात काय काय बिघडू शकेल ते आधी शोधून ठेवायचं, ही त्याची नोकरी. धोका शोधायचा, त्यावर उपाय करायचा, आणि उपाय झाल्यावर सगळे हात झटकून उठायला लागले, की यानं आपलं विचारायचं, "ठीक. उरलं काय?" कारण काहीतरी उरतंच. दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, तरी किल्ली हरवायची उरते. या प्रश्नापायी खात्यात त्याचं नावच पडलं होतं उरलेसुरले. तोंडावर साहेब आणि पाठीमागे उरलेसुरले, मुकादमासारखी जुनी खोडं मात्र तोंडावरच, "काय उरलेसुरले, जेवलात का?" म्हणायची. त्याला ते आवडायचं. घरी बायकोही म्हणायची, "तुला काय, ऑफिसात उरलंसुरलं आणि घरातही रात्रीची भाजी सकाळी. जन्मच तसा घेतलायस."

आणि ही "माझी" म्हणायची रीत, ती तर त्यानंच पाडलेली. पूर्वी खात्यात उरलेल्या जोखमीसमोर "विभाग" असं लिहून मोकळे व्हायचे. एका उन्हाळ्यात पंपांची एक खोली छतापर्यंत पाण्यानं भरली आणि चौकशीत जो तो म्हणाला, की ते विभागाकडे होतं. मग विभाग त्या वेळी कुठे होता? विभाग जेवायला गेला होता. त्या दिवशी घरी येऊन तो तावातावानं बोलत राहिला होता आणि बायको जमिनीवर कापड पसरून गुडघ्यांवर बसली होती. एका मोठ्या शिवणघरात ती कापायचं काम करायची. कापणाऱ्यात ती एकटीच बाई, पण तिलाही सगळे मास्तरच म्हणत. महाग कापड असलं की मालक ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे, आणि कधी कधी ती ते घरी घेऊन यायची, कारण घरी कुणी मान वाकडी करून बघत उभं राहत नाही म्हणायची. त्याचं सगळं ऐकून झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "आमच्यात ज्यानं खडूची रेघ मारली त्याच्याच हातात कात्री. रेघ एकाची आणि कात्री दुसऱ्याची झाली, की कापड फुकट जातं आणि दोघं मिळून कापडालाच नावं ठेवतात." मग तिनं कात्री उचलली. "आणि लावायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, कापतेय. सगळ्यांना ऐकू गेलं की मग हात कापत नाही." आणि खरंच ती म्हणाली, "कापतेय," रिकाम्या खोलीत, त्याच्या एकट्यासाठी, आणि कात्रीचा तो सलग, न थांबणारा आवाज, तोंड मिटून कुणी लांब श्वास सोडावा तसा.

पुढच्याच बैठकीत त्यानं सांगितलं होतं, की उरलेल्या प्रत्येक जोखमीला एक हाडामांसाचा धनी पाहिजे. विभाग नको, समिती नको. जोखीम वाचली, की त्यानं सगळ्यांदेखत "माझी" म्हणायचं, आणि कामाच्या दिवशी ती जिथे कोसळेल तिथे जाऊन उभं राहायचं. लोक हसले होते. शाळेतली हजेरी काय, असं कुणी म्हणालं, मुकादमानं तर पहिल्या दिवशी "हजर!" म्हणून आरोळी ठोकली होती. पण रीत टिकली. दुसऱ्या खात्यांतले लोक येऊन मागच्या खुर्च्यांवर बसून ती बघून गेले. ही रीत शिवणघरातली आहे हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, कुणी विचारलं नाही म्हणून. तिला ठाऊक होतं तेवढं पुरत होतं. बैठकीत ओळीनं "माझी, माझी" ऐकू यायचं, तेव्हा त्याला दर वेळी मनातून ती गुडघ्यांवर बसलेली दिसायची आणि छाती अशी भरून यायची, की तो उगाच कागदांची चळत सारखी करत बसायचा. एवढी माणसं, एवढे अभियंते, आणि चालतात माझ्या बायकोच्या शब्दानं.

आता त्या रीतीत त्याला जागा नव्हती. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते साधंच होतं: रविवारी मी कुठे उभा राहू?

चीफच्या खोलीचं दार त्यानं उघडंच ठेवलं. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. दोघांच्या पहिल्या पगाराचे बूट एकाच दुकानातले.

"दार लाव," चीफ म्हणाले.

"राहू दे. गावाला ठाऊक झालंय, आता दाराला कशाला त्रास."

"चिडलायस."

"छे. रिकाम्या कपातून चहा प्यायलो फक्त."

चीफनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, तुझ्यावरचा भार जरा कमी करावा म्हणून..."

"भार माझा, पाठ माझी. तुम्हाला कुणी हमाली सांगितली?"

"बस आधी."

"उभाच बरा आहे. बसायच्या जागा तुम्ही वाटून घेतल्यात."

"हे बघ, गोड बोलायचं ते मी बाहेर बोललो," चीफ म्हणाले. "खरं ऐकणार असशील तर ऐक. छापखान्याच्या गल्लीत जो उभा राहील त्याच्या एका 'थांबा'वर अख्खं काम थांबणार आहे. आजवर तुला मी तिथं डोळे मिटून उभं केलं असतं. पण आता तुला कुणी शंभरात एक म्हटलं, की तुला तो एकच दिसतो. नव्याण्णव दिसतच नाहीत. गेल्या आठवड्यात साधी पंपाची चाचणी होती, तू ती दोनदा बंद पाडलीस. कुणी बोललं तुला? नाही बोललं. तुझा दोष नाही यात. माझी बायको गेली असती तर मी घराबाहेर पडलो नसतो. पण त्या गल्लीत मला नव्याण्णव दिसणारा माणूस पाहिजे."

तो एकदा बोलायला गेला, मग टेबलावरचा चष्मा उचलून चीफच्या हातात दिला आणि बाहेर पडला.

रस्त्यावर ऊन होतं. दुकानांच्या सावल्या फुटपाथाच्या निम्म्यापर्यंत आल्या होत्या आणि लोक त्या निम्म्यातूनच एकामागे एक चालत होते. तो उन्हातून चालला. चीफ खरं बोलला होता, आणि खरं बोलला याचाच राग येत होता. सगळेच हल्ली त्याच्या वाटेतलं उचलून नेत होते. लेक महिन्यामागे येऊन राहून गेली, जाताना घरातली शिडी गाडीच्या टपावर बांधून घेऊन गेली. "बाबा, बल्ब गेला तर शेजारच्यांना सांगा. तुम्ही वर चढायचं नाही." बरं म्हणाला. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातला बल्ब गेला, तेव्हा तो जेवायच्या टेबलावर खुर्ची ठेवून तिच्यावर चढला, आणि वर पोचल्यावर त्याला हसू आलं होतं, की शिडी होती तेव्हा निदान सरळ तरी चढायचो. ते हसू सांगायला घरात कुणी नव्हतं. खुर्चीवर उभ्या उभ्याच त्यानं तिला हाक मारली होती, सवयीनं, आणि मग बल्ब घट्ट करत राहिला होता, पुरता घट्ट झाल्यावरही.

शंभरात एक. सर्जनच्या खोलीत खिडकीला निळी पट्टी होती आणि टेबलावर हृदयाचा प्लास्टिकचा नमुना, अर्धा उघडता येणारा. सर्जननं सगळं सांगितलं. ऑपरेशन नाही केलं तर काय, केलं तर काय, काय काळजी घेतात, रक्त किती तयार ठेवतात. सर्जनचं बोलणं संपल्यावर, सवय ती सवय, त्यानं विचारलं होतं, "आणि एवढं सगळं करून उरलं काय?" सर्जननं जरा थांबून त्याच्याकडे पाहिलं होतं, कारण असं कुणी विचारत नसावं. मग म्हणाला, शंभरात एखादा टेबलावरून परत येत नाही. सगळं बरोबर करूनही. हे ऐकलं आणि त्याच्या तोंडून लगेच गेलं, "मग नको." बायको त्याच्याकडे वळली. रागावली नव्हती. गिऱ्हाईक कापडाला मध्येच हात लावतं तेव्हा ती जशी बघायची तशी बघत होती. "तुला विचारलंय का त्यांनी? हात मागे घे," ती म्हणाली, "छाती माझी आहे." मग सर्जनला म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीपण कापता, मीपण कापते. तुमच्यात उसवून पुन्हा शिवायची सोय असते का?" सर्जन मोठ्यानं हसला. ती नाही हसली. प्लास्टिकच्या हृदयाचं झाकण तिनं नीट बसवलं, आणि सर्जनकडे नाही, त्याच्याकडे बघत म्हणाली, "माझी." सर्जनला ते कळलं नाही, त्याला वाटलं बोलता बोलता वाक्य राहिलं. फक्त त्या दोघांना कळलं. जिन्यावरून उतरताना तिनं त्याचा हात धरला होता, आधारासाठी नव्हे, तर मूल रस्त्यात सुटू नये म्हणून धरतात तसा.

आणि ती परत आली नाही. ती शंभरातली एक निघाली.

त्यानंतरच्या दिवसांत घरात माणसं बसलेली असायची. तिचा भाऊ एकदा म्हणाला, "नसतं केलं ऑपरेशन, तर अजून चार वर्षं तरी काढली असती ताईनं." तेव्हा तो म्हणाला होता, "निर्णय बरोबर होता." मेहुण्यानं असं पाहिलं, की जणू दगडाला वाचा फुटली. कुणाला तरी वाटलं दुःखानं बोलतोय, कुणी पाण्याचा पेला पुढे केला. मग त्यानं पुन्हा ते वाक्य उच्चारलं नाही. पण ते त्याच्या आत होतंच, आणि त्याचा त्याला अभिमान होता. रडू यायचं तेव्हाही तो अभिमान हलायचा नाही. घाबरून नव्हे, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, डोळे उघडे ठेवून तिनं रेघ मारली आणि कात्री लावली होती. लोकांना हे कळत नव्हतं. वाईट झालं म्हणजे चुकलं, एवढंच त्यांना कळत होतं. चालता चालता तो थांबला. मग आपल्याला तरी कळलंय का? कळलं असतं तर पंपाची चाचणी दोनदा का बंद पाडली? पंप नीट चालत होता. तो धडधडत होता, पंप धडधडतातच, पण त्याला बाहेरच्या बाकावर बसल्यासारखं झालं होतं, ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरच्या दिव्याकडे बघत.

छापखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो आला तेव्हा त्यानं ठरवलं होतं, की धाकटीकडून ती जोखीम परत मागायची. बाकीच्या गेल्या तर गेल्या. ही एवढी एक.

गल्लीखालून जाणारी नळी बिडाची होती, या सगळ्यांच्या आजोबांच्या वेळची. वर खेटून घरं, त्यामुळे ती खणून बदलता येत नव्हती. छापखान्याच्या तळघरात कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. नळी फुटली तर पहिल्यांदा पाणी तिथं शिरणार. दाब हळूहळू वाढवायचा, माणसं उभी ठेवायची, वाळूच्या गोण्या तयार ठेवायच्या, सगळं झालं होतं. तरी आजोबांच्या वेळची नळी ती आजोबांच्या वेळची नळी. धाकटी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडून आत उतरली होती. लांब लोखंडी सळईचं एक टोक तिनं नळीवर टेकवलं होतं आणि दुसरं कानाला. त्याला बघून तिनं बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि डोळे मिटून ऐकत राहिली. तो थांबला. मुलगी त्याला थांबवते आणि तो थांबतो, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"काय म्हणतेय म्हातारी?" त्यानं विचारलं.

"कुरकुरतेय. रोजच्यासारखीच." ती वर आली आणि हात पुसत त्याच्या तोंडाकडे बघू लागली. "सर, मला माहितीये तुम्ही कशाला आलात. मी मागितली नव्हती. चीफसरांनी दिली."

"मग परत दे. मी त्यांना सांगतो."

सळईवरची माती तिनं फडक्यानं पुसली. "नाही देणार," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण शब्द सरळ आले. "राग मानू नका. पहिल्या दिवशी मला वाटलं, सरांची आहे, चार दिवस सांभाळू. पण मग मी इथं यायला लागले. छापखान्याच्या मालकाच्या डोक्यावर बसून गठ्ठे फळ्यांवर उचलून घेतले. तो मला बघून आता दार लावून घेतो. प्रत्येक सांध्याचा आवाज मला ओळखू येतो. आणि आज सगळ्यांसमोर माझी म्हणाले. आता तुम्ही मायेनं मागितलीत म्हणून कशी देऊ? तुम्हीच ओरडाल."

त्याला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याला एकदम बायकोची ती नजर आठवली, हात मागे घे म्हणणारी, आणि त्यानं खरोखरच हात पाठीमागे बांधले.

"बरं," तो म्हणाला. "तुझी. मग आता सांग, उरलं काय?"

"सर, इथलं सगळं..."

"इथलं नाही. तुझ्यातलं."

धाकटीनं इकडे तिकडे पाहिलं. गल्लीत एक बाई चादर झटकत होती, ती आत जाईपर्यंत ती थांबली. "एकच," ती म्हणाली. "नळी फुटलीच नाही आणि मी उगाच थांबवलं तर? थांबवलं की पाणी जुन्या पंपांवर परत न्यायला संध्याकाळ होणार. वरच्या वस्त्यांचे नळ कोरडे. आठवडाभर काम पुढे. मग सगळे म्हणणार, पोरगी घाबरली. म्हणून मला भीती वाटते, की थांबवायची वेळ येईल तेव्हाच मी थांबवणार नाही."

त्यानं मान हलवली. इतकी वर्षं तो लोकांना विचारत आला होता, आणि एवढं खरं उत्तर त्याला फार कमी वेळा मिळालं होतं.

रविवारी कामाच्या आधी नव्या पंपघरात सगळे उभ्या उभ्याच जमले. पंपांवरचा रंग अजून हाताला लागत होता. चीफनी एकेक जोखीम वाचली आणि ज्यानं त्यानं आपापली घेतली. धाकटीनं आपली घेतली. चीफ कागद घडी घालायला लागले तेव्हा तो मागच्या रांगेतून म्हणाला, "उरलं काय?"

"झालं की, उरलेसुरले," मुकादम म्हणाला. "आता फक्त तुम्ही उरलात." लोक हसले; तोही हसला.

"एक राहिलीय," तो म्हणाला. "छापखान्याच्या गल्लीतून थांबा असा निरोप आला, आणि मागाहून ते थांबणं विनाकारण ठरलं, तर. ही वाचलीच नाही कुणी."

चीफनी त्याच्याकडे पाहिलं. परवापासून पहिल्यांदा सरळ पाहिलं. "ती तशी धाकटीच्याच..."

"नाही. धाकटीची नळी आहे. तिनं फक्त नळीचा विचार करायचा. लोकांच्या शिव्यांचाही विचार तिनंच करायचा असेल, तर तिला नळी ऐकू यायची नाही. ही वेगळी आहे, आणि ही माझी."

चीफनी घडी उलगडली, पेन्सिल शोधली, खाली एक ओळ लिहिली. "मग उभा कुठे राहणार?" त्यांनी विचारलं. "रीतीप्रमाणे ती कोसळेल तिथं उभं राहायचं."

"तक्रारींच्या टेलिफोनपाशी," तो म्हणाला.

तक्रारींची खोली जुन्या इमारतीत तळमजल्यावर होती. टेलिफोनवरच्या बाई सुटीचा दिवस म्हणून विणकाम घेऊन बसल्या होत्या. त्याला खुर्ची दिली, वायरलेसचा डबा दोघांच्या मध्ये ठेवला. डब्यातून मुकादमाचा आवाज यायला लागला: व्हॉल्व्ह थोडा उघडला, अजून थोडा, दाब चढतोय. मध्ये मध्ये चीफचं "हं." धाकटीचं "ठीक आहे," पुन्हा "ठीक आहे." दिसत काहीच नव्हतं. समोरची भिंत, तिच्यावरचं घड्याळ, बाईंच्या सुया. या बसण्याची त्याला ओळख होती. दार बंद, आत कुणीतरी आपलं माणूस, आणि हातात करण्यासारखं काही नाही. फरक एवढाच, की त्या वेळी त्यानं दाराकडे बघत मनातल्या मनात सगळ्या जगाशी घासाघीस केली होती, आणि आज त्याला घासाघीस करावीशी वाटत नव्हती. तिला नळी ऐकू येऊ दे, एवढंच.

"थांबा," डबा म्हणाला. धाकटीचा आवाज.

"खात्री आहे?" चीफ.

"थांबा."

त्याचा हात डब्याकडे गेला. काय दिसलं, ओल आहे की धार, कुठल्या सांध्याला, विचारावं. दोन शब्द विचारले तर तिलाच बरं वाटेल. बाईंनी सुया थांबवून त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यानं हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. डब्यात मुकादम आपल्या माणसांवर ओरडत होता, सावकाश फिरवा, सावकाश, तुमच्या सासऱ्याचा नळ आहे का तो. त्यानं बाईंना सांगून वरच्या वस्त्यांकडे टँकर सोडायला लावले. मग बराच वेळ नुसती खरखर.

धाकटी स्वतःच आली. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा कागदासारखा. दारातच म्हणाली, "सर, धुण्याचं पाणी होतं. छापखान्यात कुणीतरी सुटीचं येऊन छपाईचे रूळ धुतले, हौद सोडला, ते पाणी भिंतीतून चेंबरमध्ये आलं. नळीला काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

"तुला त्या वेळी काय दिसत होतं?"

"सांध्यापाशी ओल. वाढत होती."

"आणि ऐकू?"

"सूं असा आवाज. तोपर्यंत कधी आला नव्हता तसा. तो हौदाचा होता, पण..."

"मग?"

"मग थांबवलं."

"बरोबर केलंस."

"पण सर, ते चुकीचं..."

"ते तुला मागाहून कळलं. मागाहून कळलेलं आधी कुठून आणायचं?" तो उभा राहिला. दारात तिच्या मागे चीफही येऊन उभे होते, टोपी हातात. ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायला त्याला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "निर्णय बरोबर होता," तो म्हणाला. "माझ्या बायकोचापण बरोबर होता. परिणाम वाईट झाला. निर्णय बरोबर होता."

या वेळी कुणी पाण्याचा पेला पुढे केला नाही. धाकटी भिंतीला टेकली आणि हुंदका दिल्यासारखं करून एकदम हसली. चीफ काही तरी बोलणार होते. तेवढ्यात टेलिफोन वाजला, आणि तो उचलायच्या आत शेजारचा वाजला. वरच्या वस्त्या झोपेतून उठल्या होत्या.

बाईंनी रिसीव्हर उचलला, कानापासून जरा लांब धरला आणि त्याच्यावर तळवा ठेवून म्हणाल्या, "साहेब, ही फार तापलीय. मीच बघते. 'खातं बघतंय' एवढंच म्हणायचं असतं, नाव कुणी देत नाही."

त्यानं हात पुढे केला.

"पाहुणे आलेत घरात बारा-पंधरा," रिसीव्हरमधली बाई म्हणत होती, "आणि नळाला टिपूस नाही! कुणाच्या डोक्यातून निघालं हे? आहे का कुणी तिथं जबाबदार माणूस, का सगळे सुटीवर?"

"आहे," तो म्हणाला. "मीच. टँकर निघालाय, तुमच्या चौकात येईल. आणि काम थांबवलं ते बरोबर थांबवलं."

"बरोबर? नाव काय तुमचं? मला लिहून पाहिजे. वरपर्यंत जाणार आहे मी."

"जरूर जा," तो म्हणाला. "लिहा."

आणि खुर्चीत ताठ बसून त्यानं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. आणि तिचं लिहून होईना तेव्हा पुन्हा एकदा, पहिल्यापासून, सावकाश.